कर्ल्यू १, फक्त आवाज

अँब्रोज लार्टरच्या कानांवर आमच्या गावाचा भारी विश्वास. धंदा पियानो सुरात लावून देण्याचा. या किनाऱ्यावरच्या शाळांमधले, प्रार्थनाघरांमधले, पबमधले सगळे पियानो त्याच्या हाताखालून गेलेले. एकदा अँकर पबमध्ये कुणीतरी बिअरचा ग्लास टेबलावर ठेवला, तर हा लांबच्या कोपऱ्यातून म्हणाला, "जपून रे, त्याला तडा गेलाय." उजेडात धरून बघितला, तर खरंच केसाएवढा तडा. आता बोला!

असल्या कानांचा माणूस चौकशीच्या वेळी शपथेवर म्हणाला, की नेडचा आवाज आला नाही. मग मी का नाही विश्वास ठेवायचा? बावीस वर्षं मी त्या एका वाक्यावर झोपले.

नेड म्हणजे माझा नवरा, नेड ब्लाय. मी बेरिल. बांधावर चहाची टपरी आहे ती माझी. नेड चिखल खणून गळाला लावायचे किडे काढायचा आणि मासे धरणाऱ्यांना विकायचा. बावीस वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या पक्षीमोजणीच्या रविवारी, तो म्हातारी मेगमध्ये बुडाला. म्हातारी मेग ही आमच्या खाजणातली खाडी. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून पार करता येते, भरतीला दोन पुरुष खोल. नेड आवाज न करता गेला, असं अँब्रोजने सांगितलं. त्या वाक्याची मला एवढी गरज का होती, ते मी कुणापाशी बोलले नव्हते. सांगणार आहे, पण माझ्या क्रमाने. मला घाई केलेली चालत नाही.

आधी अँब्रोज. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईजवळ राहिला, ती गेल्यावर तिच्याच घरात एकटा. स्वेटर दोन, एक अंगावर आणि एक दोरीवर. जेवण म्हणजे पावाच्या दोन कापांत चीज, मोहरीची चटणी आणि व्हिनेगरमधला कांदा. मी म्हणायचे, "अँब्रोज, अरे एखाद दिवशी गरम काही खा, पोटाला सुद्धा वाटतं रविवार असावा." तर म्हणायचा, "रविवारी वेळ कुठे असतो, बेरिल?"

वेळ नसायचाच. ऑक्टोबर ते मार्च, दर महिन्याचा एक रविवार ठरलेला. त्या दिवशी देशभरातल्या किनाऱ्यांवर माणसं थंडीत उभी राहून पक्षी मोजतात. आमच्या गावचा साडेतीन मैलांचा बांध अँब्रोजकडे. चव्वेचाळीस हिवाळ्यांत त्याने एक रविवार चुकवला नाही. आई वारली तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी हा बांधावर. लोकांनी नावं ठेवली. मी पण ठेवली, खोटं कशाला बोलू.

त्याचे नियम म्हणजे सोवळंच. पेन्सिलनेच लिहायचं, कारण शाई भिजली की पसरते. थवा मोजायला घेतला की दुर्बिणीवरचा डोळा काढायचा नाही. काढला तर पहिल्यापासून. दिसला नाही पण ऐकला, तर आकड्यापुढे 'फक्त आवाज' असं लिहायचं. आणि एकट्याने काही जगावेगळं पाहिलं, तर त्यापुढे प्रश्नचिन्ह. दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत ते प्रश्नचिन्ह पुसायचं नाही.

एकदा त्याने बांधावर पांढरं घुबड पाहिलं. पार उत्तर ध्रुवाकडचं. दहा पावलांवर! अर्धा तास दोघं एकमेकांकडे बघत बसले होते म्हणे. वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मी म्हटलं, "अरे, तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"एकट्याने पाहिलेलं ते पाहिलेलं नव्हे, बेरिल. माणूस स्वतःला काय वाटेल ते दाखवतो."

नेड हसून हसून बेजार. "उद्या मी मेलो तरी हा प्रश्नचिन्ह टाकेल," म्हणाला. असं बोलू नये माणसाने.

नेड आणि अँब्रोज म्हणजे एक बडबड्या आणि एक मुका, पण मोजणीला जोडी. बांधावरून पलीकडचा वाळूचा दांडा नीट दिसत नाही. म्हणून नेड सकाळी ओहोटीला मेग पार करून दांड्यावर जायचा, तिकडचे पक्षी मोजायचा, आणि भरतीचं पाणी खाडीत शिरायच्या आत परत यायचा. चिखल त्याच्या पायांना पाठ होता. आणि शीळ अशी घालायचा, की काय सांगू! वाकड्या चोचीचा कर्ल्यू हिवाळ्यात आमच्या चिखलात असतो. त्याची हाक खालून वर चढत जाते आणि शेवटी थरथरते. नेडने ती हाक मारली की खरे कर्ल्यू उडत उडत त्याच्या डोक्यावर येऊन चौकशी करून जायचे. धुक्यात वाट चुकली तर त्याने तशा तीन शिट्ट्या मारायच्या आणि अँब्रोजने बांधावरून उत्तर द्यायचं, म्हणजे आवाजाच्या रोखाने चालत येता येईल, असं दोघांचं ठरलेलं. खरा कर्ल्यू ओळीने मोजून तीनदा ओरडून गप्प बसत नाही, म्हणून तीन.

त्या रविवारी धुकं अकरा वाजता उतरलं. समुद्राकडून आलं आणि पंधरा मिनिटांत बांधाची कडा दिसेना. बाराच्या सुमाराला भरतीचं पाणी मेगमध्ये शिरणार होतं. बारा वाजून गेले तरी नेड परतला नाही, तेव्हा अँब्रोज टपरीपाशी धावत आला. त्याला मी धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नेड तिसऱ्या दिवशी दांड्याच्या टोकाला सापडला. खिशात वही होती, पेन्सिलने लिहिलेली, म्हणून शेवटचा आकडा वाचता आला: टिलवे, चारशे दहा. चिखलातले ते चिमणीएवढे पक्षी. अँब्रोजने तो आकडा आपल्या बेरजेत धरला. मला तेव्हा फार राग आला होता, पण नंतर वाटलं, नेडला ते आवडलं असतं.

चौकशी झाली. अँब्रोज आईच्या अंत्यविधीचा कोट घालून उभा राहिला. "माणसाचा आवाज ऐकला नाही," म्हणाला. मी पहिल्या रांगेत बसले होते. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.

त्यानंतर अँब्रोज दर रविवारी टपरीवर यायचा. माझं छप्पर गळलं तर शिडी घेऊन हजर, पाइप गोठला तर हजर, नाताळला पुडिंग घेऊन दारात. गावातल्या बायका डोळे मिचकावायच्या. "काय गं बेरिल, पियानो सुरात लागला का?" मी त्यांना अशी झोडपायची की पुन्हा महिनाभर बोलायची टाप नाही. मला वाटायचं, मित्राच्या बायकोची काळजी घेतोय बिचारा. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मला माझ्यापुरतंच ठाऊक होतं. त्यालाही काही खवखवत असेल, हे मनात आलं नाही.

आणि धुक्याच्या दिवशी मेगकडून कर्ल्यूसारखा आवाज यायचा. तो मी ऐकलाय. दोनदा, मग शांत. पुन्हा नाही. खरा कर्ल्यू ओरडला तर थोड्या वेळाने पुन्हा ओरडतो, जागा बदलतो, उडाला तर कळतं. हा जागचा हलायचा नाही. गिऱ्हाईक असलं तर मी मोठमोठ्याने बोलायला लागायचे. नसलं तर रेडिओ. टपरीच्या दाराला खिळ्यावर एक पत्र्याचा ट्रे टांगलेला आहे. पूर्वी धुकं पडलं की मी त्यावर पळी बडवायचे, म्हणजे चिखलातल्या माणसांना बांध कुठे आहे ते कळावं. नेड गेल्यापासून मी तो खाली उतरवला नाही. पुसायला सुद्धा नाही.

या हिवाळ्यात अँब्रोज एक्याऐंशीचा झाला. गुडघे गेले, छाती वाजायला लागली, आणि ते कान! दोन्ही कानांत यंत्रं. स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारतेय आणि हा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचतोय. डॉक्टर बाईंनी जानेवारीच्या मोजणीला साफ नाही म्हणून सांगितलं.

"मग मी मेल्यावर जाऊ का?" हा त्यांना म्हणाला.

शेवटी मीच म्हटलं, "मी येते. तू मोज, मी लिहिते. आणि दीड तासात परत, नाहीतर तुझी दुर्बीण मेगमध्ये फेकीन."

बोलून गेले आणि जीभ चावली. 

सकाळ स्वच्छ होती, थंडी अशी की नाकाचा शेंडा आपला वाटेना. मी त्याला घडीच्या खुर्चीत बसवलं, पायावर घोंगडी टाकली, दुर्बीण तिवईवर लावून दिली. सुरुवातीला मजाच आली, खरं सांगते. तो म्हणायचा, "काळे रानहंस, दोनशे चौदा," मी लिहायची. "टिटव्या, नव्वद." मी लिहायची. भरती चढायला लागली तसे पक्षी चिखलावरून मागे मागे सरत आमच्या बाजूला गोळा झाले. मग टिलव्यांचा मोठा थवा आला, सगळा चिखल सरकतोय असं वाटणारा. अँब्रोजने डोळा दुर्बिणीला लावला आणि पुटपुटायला लागला. वीस, चाळीस, साठ. त्याचा आवाज एकदम तरणा झाला होता.

धुकं कधी आलं ते मला कळलं नाही. वहीत मान घातली होती. वर बघितलं तर दांडा नव्हता. मग पलीकडचा काठ नव्हता. मी म्हटलं, "अँब्रोज, पुरे." तो म्हणाला, "बाराशे चाळीस, बाराशे साठ."

आणि मेगकडून आवाज आला. दोनदा.

मी ऐकला. आणि त्याने ऐकला. किटली ऐकू न येणाऱ्या माणसाने तो ऐकला! त्याचा पुटपुटाट थांबला. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने थव्याच्या मध्यावर डोळा काढला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. घोंगडी बाजूला टाकून तो उठला आणि बांधाच्या उतारावरून खाली चिखलात निघाला.

"नेड!" तो ओरडला. "इकडे! इकडे, माझ्या रोखाने ये!" आणि त्या दात नसलेल्या तोंडाने शीळ घालायला लागला. नुसती हवा. "मी ऐकलं! या वेळी मी ऐकलं रे!"

मी कशी उतरले मला आठवत नाही. पाणी आमच्यापासून वीस पावलांवर होतं आणि चढत होतं. मी मागून त्याचा कोट दोन्ही हातांनी धरला. तो ओढतोय, मी ओढतेय. दोघंही घसरून चिखलात बसलो. अडुसष्ट वर्षांची बाई आणि एक्याऐंशीचा म्हातारा, चिखलात ढुंगण रुतवून. कुणी पाहिलं असतं तर हसून मेलं असतं.

"वेड लागलंय का तुला?" मी किंचाळले. "पक्षी आहे तो!"

"तेव्हा पण मी हेच म्हटलं," तो म्हणाला.

"कधी?"

मग तो बोलायला लागला. तिथेच, चिखलात, माझ्याकडे न बघता. त्या रविवारी बाराला वीस मिनिटं कमी असताना त्याच्यासमोर टिलव्यांचा चार हजारांचा थवा होता. मेगकडून कर्ल्यूची हाक आली. एक, मग दुसरी. तो तिसरीची वाट बघत राहिला. तिसरी आली असती तर नेड. नाही आली, म्हणजे पक्षी. डोळा न काढता त्याने आंधळेपणाने वहीत लिहिलं, 'कर्ल्यू, १, फक्त आवाज', आणि मोजत राहिला.

"संध्याकाळी त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं," तो म्हणाला. "ओठ गारठले असतील त्याचे. तिसरी मारता आली नसेल. मी उत्तर दिलं असतं तर तो वाचला असता, बेरिल. माझे कान! सगळा गाव म्हणायचा, अँब्रोजचे कान. मी आपल्या मित्राला पक्ष्यांत मोजलं."

 आणि मी काय केलं माहीत आहे? मी त्याच्यावर तुटून पडले. "बावीस वर्षं! बावीस वर्षं माझ्या हातचा चहा प्यालास, आणि हे पोटात ठेवून? शपथेवर खोटं बोललास!" तो म्हणाला, "माणसाचा आवाज ऐकला नाही असं म्हटलं होतं मी." मी म्हटलं, "गप्प बस! आणखी एक शब्द बोललास तर इथेच सोडून जाईन." त्याला ढकलत, ओढत त्याच्या घरी नेलं, ओले कपडे उतरवले, शेगडीपुढे बसवलं, आणि दार आपटून निघून आले. त्याने माझं नाव घेऊन हाक मारली. मी वळले नाही.

घरी येऊन ओल्या कपड्यांनिशी तशीच बसले. राग होता, पण कुणाचा? म्हणजे आता ते सांगायलाच हवं.

त्या रविवारी सकाळी नेडचं आणि माझं भांडण झालं होतं. त्याची बहीण दुपारी जेवायला येणार होती. मी बीफ भाजायला ठेवलं होतं, आणि त्याने घरी थांबायचं कबूल केलं होतं. सकाळी उठून बघते तर हा बूट घालतोय. मी म्हटलं, "मेल्या, जा! तुझे ते पक्षी आणि तू. जा आणि तिकडेच राहा." तो हसला, गालाला चिमटा काढायला आला, मी हात झटकला. 'मेल्या' हा शब्द त्यानंतर मी कुणालाच म्हटलेला नाही.

रागारागात मी टपरी उघडायला गेले. धुकं उतरलं. बाराला थोडा वेळ असताना मेगकडून शीळ आली. दोनदा.

तीन शिट्ट्या अँब्रोजच्या, हे सगळ्या गावाला ठाऊक. दोन कुणाच्या, हे फक्त आम्हा नवराबायकोला. दोन माझ्या होत्या. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो चिखलातून परत येताना दोन शिट्ट्या मारायचा, म्हणजे बेरिल, चहा टाक. आणि धुकं असलं तर, बेरिल, ट्रे वाजव. अँब्रोजच्या शिळेपेक्षा माझा ट्रे लांबवर जायचा, हे नेडला माहीत होतं. म्हणून अडला तेव्हा त्याने मला हाक मारली.

मी ओळखलं. पक्षी वाटला वगैरे काही नाही, नेडच तो, नवऱ्याची शीळ बायकोला कळत नाही का? हात खिळ्यावरच्या ट्रेकडे गेला सुद्धा. आणि मी म्हटलं, चरफडू दे जरा. पाच मिनिटं रखडू दे. मग वाजवीन. आणि पळी खाली ठेवून दिली.

पाच मिनिटांनी वाजवला. कुणी आलं नाही.

आणि मग चौकशीत अँब्रोज म्हणाला, आवाज ऐकला नाही. गावातले सगळ्यात चांगले कान म्हणाले, ऐकला नाही! मी ते घट्ट धरलं. म्हणजे मी ऐकला तो पक्षीच असणार. म्हणजे माझ्या पाच मिनिटांनी काही झालं नाही. तो मला खोटं सांगत होता म्हणून मी जगले, आणि आता चिखलात बसून त्याने खरं सांगितलं, तर मी त्याच्यावरच ओरडले. असली मी.

तीन दिवस मी गेले नाही. सांगायला लाज वाटते, पण मला असंही वाटलं, की असू दे. त्याला वाटतं त्याच्यामुळे झालं, तर वाटू दे. एक्याऐंशी वर्षांचा आहे, किती दिवस वाटेल? चौथ्या दिवशी डॉक्टर बाई टपरीवर आल्या. चहा घेतला नाही. "छातीत पाणी झालंय," म्हणाल्या. "दवाखान्यात यायला तयार नाही. बाहेर धुकं आहे का, एवढंच विचारतो. काल दोनदा उठून दारापर्यंत गेला. पुढच्या वेळी बांधापर्यंत जाईल."

मी टपरी बंद केली आणि गेले.

त्याच्या आईच्या खोलीत झोपला होता. एवढासा झाला होता. उशाशी जुन्या वह्यांची चळत, आणि वरची वही उघडी. मला तारीख वाचायची गरज नव्हती. बारीक, वाकडं अक्षर, न बघता लिहिलेलं. 'कर्ल्यू, १, फक्त आवाज.' पुढे प्रश्नचिन्ह. एवढ्यांदा गिरवलेलं की कागद फाटायला आला होता.

"राग गेला का, पोरी?" त्याने विचारलं.

अडुसष्टाव्या वर्षी मला पोरी म्हणणारा जगात हा एकच उरला होता. मी खुर्ची ओढून कानाजवळ बसले, त्याचं यंत्र चालू आहे ना ते बघितलं. बोलणं पुन्हा बोलायची ताकद माझ्यात नव्हती.

"अँब्रोज," मी म्हटलं, "त्या दिवशी मी पण ऐकलं."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"बाराला वीस कमी असताना. टपरीत. दोन. तिसरी यायचीच नव्हती. तीन तुझ्या होत्या. दोन माझ्या." आणि मग सगळं सांगितलं. चहाचं, ट्रेचं, बीफचं, पळी खाली ठेवल्याचं. मधे रडले नाही. रडले असते तर त्याने माझी समजूत घातली असती, आणि ते मला नको होतं.

 बाहेरून रानहंस गेले, त्यांचा कलकलाट घरावरून पुढे सरकला. नेहमी तो मनातल्या मनात मोजायचा, ओठ हलायचे. आज हलले नाहीत.

"दरवर्षी मी तिसरीची वाट बघत होतो," तो म्हणाला. "बावीस वर्षं."

"हो."

"तुला ठाऊक होतं."

"तू ऐकलंस हे ठाऊक नव्हतं. पण बाकी ठाऊक होतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत दया नव्हती, आणि मला ते बरं वाटलं. "फार वाईट केलंस, बेरिल," तो म्हणाला. एवढंच. मग उशीखाली चाचपून पेन्सिल काढली, वही माझ्या मांडीवर सरकवली.

"दुसरा साक्षीदार," तो म्हणाला. "लिही."

माझा हात उठेना. तो थांबला. थांबायची सवय होतीच त्याला. शेवटी मी 'कर्ल्यू' खोडलं. 'एक' खोडलं. ते प्रश्नचिन्ह खोडलं, कागद फाटला. आणि बाजूला लिहिलं: 'नेड ब्लाय. दोन शिट्ट्या, बायकोला. वेळ ११.४०.' त्याने डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, खाली सही केली, आणि बोटाने मला जागा दाखवली. मी सही केली. चव्वेचाळीस वर्षांच्या वह्यांत खाडाखोड केलेली तेवढी एकच ओळ आहे.

त्या रात्री तो झोपला, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. धुक्याचं विचारलं नाही. फेब्रुवारीच्या मोजणीच्या आधीच्या गुरुवारी गेला.

फेब्रुवारीची मोजणी मी केली. दुसरं कोण करणार? माझे आकडे चुकले असतील, टिलवे मला अजून नीट मोजता येत नाहीत. अकराच्या सुमाराला धुकं उतरलं. मेगकडून दोन शिट्ट्या आल्या. मी थवा अर्धा टाकून टपरीवर गेले, खिळ्यावरचा ट्रे काढला, आणि बांधाच्या कडेला उभी राहून पळीने बडवायला लागले. बावीस वर्षांची धूळ तोंडावर उडाली. बाहेरगावचं एक जोडपं दुर्बिणी गळ्यात घालून उभं होतं. बाई म्हणाली, "अहो, पक्षी उडून जातील! कुणाला बोलावताय?"

"नवऱ्याला," मी म्हटलं. "यायला उशीर झालाय त्याला."

आणि भरती पूर्ण भरेपर्यंत वाजवत राहिले.